वादी कापलेली काठी

दमयंती : …ते दार आधी लोटून घे. चादरी न्यायला कुणी आलंच, तर टॉवेल लावतोय म्हणून सांगू. बस त्या टोपलीवर.

अस्मिता : नको ताई. उभं राहतो मी. बसलो की रडू येईल.

दमयंती : बसलो, आलो, गेलो. न्यूझीलंडात, ख्राइस्टचर्चला येऊन दोन वर्षं होत आली, तरी तुझं हे पुरुषी बोलणं काही सुटत नाही.

अस्मिता : आमच्या कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात. का त्याचा पण रिपोर्ट करायचाय?

दमयंती : चिडू नकोस. हात बघू तुझा. अगं बाई, पार काळंनिळं झालंय. बर्फ लावलास की नाही?

अस्मिता : लेकीनं घरी गेल्या गेल्या फ्रीझरमधली मटारची पिशवी बांधली. "डझ इट हर्ट हीप्स, आई?" म्हणून दहा वेळा विचारून झालं. दुखत नाही तेवढं. तुम्ही मला या चादरींच्या खोलीत कशाला ओढलंय ते सांगा.

दमयंती : तीन वाजता मॅनेजर येणार आहे. कालच्या प्रकाराचं स्टेटमेंट तिने तुझ्या नावाने टाइप करून माझ्या हातात दिलंय. तू सही करायची आणि खाली साक्षीदार म्हणून मी. वाचते, ऐक. "काल दुपारी चारच्या सुमारास वृद्धाश्रमातील रहिवासी लॉर्कन, वय शहाऐंशी, यांनी केअरगिव्हर अस्मिता हिच्यावर कारण नसताना शिलेली या हत्याराने हल्ला केला. केअरगिव्हरच्या डाव्या हाताला मार बसला." झालं, एवढंच आहे.

अस्मिता : आणि सही केली की पुढं?

दमयंती : सोमवारी असेसमेंट. मंगळवारपासून ते मागच्या युनिटमध्ये.

अस्मिता : कुलपाच्या?

दमयंती : कुलूप नाही, कोडचं दार आहे. कोड दाराच्या वरच लिहिलेला असतो.

अस्मिता : उलटा लिहिलेला असतो. म्हणजे शहाणा माणूस बाहेर पडेल आणि विसरभोळा आतच राहील. मी तिथं तीन महिने ड्यूटी केलीय ताई, मला सांगू नका. आणि काठी?

दमयंती : काठी तिथे कशी देतील? ती कालपासूनच ऑफिसच्या कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे आहे.

अस्मिता : म्हणून आज आजोबा खोलीतनं बाहेर आले नाहीत. मॉर्निंग टीला पण नाहीत. हातामुळं आज दाढी मी केली नाही, वाटलं झोप लागली असेल. आणि हत्यार कुठून काढलं हिनं? तिच्यावर टेकत टेकत जेवायला येतो तो माणूस.

दमयंती : गूगल केलं तिने. शिलेली म्हणजे आयरिश सोटा, जाड मुठीचा, डोकी फोडायला वापरायचे. पहिल्याच ओळीत आलं. मला स्क्रीन फिरवून दाखवलं. मी काय बोलणार?

अस्मिता : पहिली ओळ वाचून थांबली म्हणायची. मला विचारायचं होतं. दोन वर्षं मी त्यांची दाढी करायलोय. कालचं जेवण आठवत नसतंय त्यांना, पण गालाला साबण लागला की सगळं आठवतंय.

दमयंती : अस्मिता, आपल्याकडे पाऊण तास पण नाही.

अस्मिता : दाढीला बारा मिनिटं लागतात. तेवढं ऐका, मग सही मागा. आयर्लंडात विक्लो म्हणून जिल्हा आहे, त्यात शिलेली नावाचं गाव. आजोबांचे वडील त्या बाजूचे. ते म्हणायचे, आमच्या गावाला ओकचं मोठं रान होतं, तिथलं लाकूड लांब लांब जायचं, म्हणून तिथल्या काठीला गावाचंच नाव पडलं. आता आई. आई पश्चिमेकडची, घरात आयरिश बोलणारी. ती म्हणायची, हे सगळं तुझ्या बापाच्या गावाचं कौतुक आहे. आयरिशमध्ये "सल" म्हणजे सोटा आणि "एल्य" म्हणजे वादीचा. वादी लावलेली काठी, एवढाच अर्थ. इंग्रजांना ते म्हणता येईना, म्हणून त्यांनी ओळखीच्या गावाचं नाव चिकटवून दिलं. नवरा-बायको यावरनं आयुष्यभर भांडली. मी आजोबांना विचारलं, मग तुम्ही कुणाचं खरं मानलं? तर म्हणाले, चुलीपाशी आईचं आणि कामावर बापाचं.

दमयंती : आणि खरं कुठलं?

अस्मिता : ते त्यांना पण माहीत नाही आणि गूगलला पण माहीत नसणार. पण ओकची नाहीच ती काठी. त्यांच्याकडं एक काटेरी झुडूप असतंय, आपल्या बोरीसारखं, त्याला आंबट काळी फळं येतात. त्याची असते. मुळाशी गाठ असलेली फांदी बघून कापायची, लोणी फासायचं आणि धुराड्यात टांगून ठेवायची. महिनोन्‌महिने. तेव्हा ती अशी काळी होते. मी म्हणालो, आजोबा, आमच्या तालमीत पण नव्या लाठीला महिनाभर तेल पाजतात. तर माझा हात धरून बसले की नाही. साबण वाळून गेला तोंडावर. आणि एक सांगतो. त्यांच्या घरात शिलेली हा शब्द कुणी बोलतच नव्हतं. पाहुण्यांसमोर बोलायचा शब्द तो. घरात नुसतं "बाटा" म्हणायचे. बाटा म्हणजे काठी.

दमयंती : बाटा? आपल्या चपलांचा?

अस्मिता : मी पण तसाच हसलो होतो. म्हणजे बघा, ज्या शब्दावरनं त्यांना आत टाकायला निघालेत, तो त्यांच्या तोंडचा पण नाही.

दमयंती : पटलं. सगळं पटलं. पण तुझा हात काळा झालाय ना? तो शब्दाने नाही झाला. काठीने झाला.

अस्मिता : ते मला पण माहीत आहे.

दमयंती : मग? त्यांनी मारलं की नाही मारलं?

अस्मिता : लागली मला. त्यांनी मारली नाही.

दमयंती : हे असलं कोड्यात बोलू नकोस. काल रडत होतीस म्हणून मी काही विचारलं नाही. आज विचारते. बदलीवर आलेली रिलीव्हर मुलगी म्हणते, तिने त्यांना काठी उगारून उभं राहिलेलं बघितलं, ती धोक्याची बेल दाबायला धावली, बेल दाबून वळली तेव्हा काठी तुझ्या हातावर बसत होती. बरोबर?

अस्मिता : बरोबर. सुरुवात बघितली तिनं, शेवट बघितला. मधलं कुणी बघितलं नाही.

दमयंती : मधे काय झालं?

अस्मिता : सांगितलं तर तुम्हाला लिहावं लागेल काय?

दमयंती : मी इथली क्लिनिकल लीड आहे, सगळं नर्सिंग माझ्याखाली येतं. ऐकलं तर लिहावं लागेल. पण पेन अजून खिशात आहे. बोल.

अस्मिता : चार वाजले की आजोबा पुढच्या दारापाशी जाऊन उभे राहतात, तुम्हाला माहीतच आहे. घरी जायचं म्हणतात. कुणी अडवलं नाही तर पाच-दहा मिनिटं काचेतनं बाहेर बघतात आणि आपले आपण परत येतात. काल ती एजन्सीची पोरगी होती, नवी. तिला वाटलं हे पळून जायलेत. तिनं पुढनं जाऊन काठीलाच हात घातला आणि ओढायला लागली. ओढली तशी आजोबांनी झटका देऊन काठी सोडवली आणि पवित्रा घेतला. पवित्रा म्हणजे काय ते तुम्हाला पुण्यात दिसलं नसेल. काठी तळापासनं वीतभर सोडून धरलेली, खालचा तुकडा कोपराच्या आडोशाला, दुसरा हात छातीसमोर, मागचा पाय वाकडा. शहाऐंशी वर्षांचा माणूस, ज्याला मोजे घालायला मी लागतो, तो असा उभा राहिला की माझ्या अंगावर काटा आला. पोरगी किंचाळून पळाली. मी मॉप घेऊन तिकडनंच येत होतो.

दमयंती : मग तू काय केलंस?

अस्मिता : आमचे आण्णा, विश्वनाथ वस्ताद म्हणतात त्यांना कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. त्यांच्या तालमीत पोरं मर्दानी खेळ शिकायची, त्यात मी. आठव्या वर्षापासनं लाठी, फरी-गदगा, सगळं. आण्णांचा एकच नियम होता. समोरचा पवित्र्यात उभा राहिला तर त्याला पाठ दाखवायची नाही, त्याच्या हातातलं ओढायचं नाही आणि त्याला येडा समजायचं नाही. आधी सलामी द्यायची. मग तो लहान पोर असू दे नाहीतर म्हातारा.

दमयंती : तू सलामी दिलीस? इथे, कॉरिडॉरमध्ये?

अस्मिता : मॉपचं फडकं काढलं, दांडा घेतला, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. विचार केलाच नाही ताई, हातच गेला. आणि त्यांना कळलं. कसं कळलं देवाला माहीत. त्यांनी मान लववली आणि काठीचं टोक माझ्या दांड्याला हळूच टेकवलं.

दमयंती : अरे देवा.

अस्मिता : मग खेळलो आम्ही. दोन मिनिटं असतील. ते हळू टाकायचे, मी हळू अडवायचो. टक टक आवाज यायला लागला आणि ते हसायला लागले. दोन वर्षांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. श्वास नीट होता, पाय नीट होते, माझं सगळं लक्ष त्यांच्या पायांवर होतं. एवढ्यात बेल वाजली. केवढ्यानं वाजते ती. मी बेलकडं बघितलं. त्यांची काठी निघालेली होती, माझा दांडा तिथं पाहिजे होता, तो नव्हता. हातावर बसली. तालमीत असं झालं तर वार करणाऱ्याला कुणी बोलत नाही. नजर कुणाची हटली ते विचारतात. माझी हटली. वर तेच घाबरले. काठी टाकून दिली आणि माझा हात दोन्ही हातांत धरून सॉरी सॉरी म्हणत राहिले. आणि मी रडलो ते दुखलं म्हणून नाही.

दमयंती : हे अजून कुणाला सांगितलंस?

अस्मिता : इंद्रनीलला. नवऱ्यापासनं काय लपवणार. बाकी कुणाला नाही.

दमयंती : मग कुणालाच सांगू नकोस. नीट ऐक. ड्यूटीवर असताना तू डिमेन्शियाच्या रहिवाशाशी काठीने लढलीस. हेतू काय होता, सलामी दिली की नमस्कार केला, कुणी विचारणार नाही. पडले असते आणि खुब्याचं हाड मोडलं असतं तर? गंभीर गैरवर्तन म्हणतात याला. नोटीस पिरियड पण मिळणार नाही.

अस्मिता : माहीत आहे.

दमयंती : तुझा व्हिसा या नोकरीला बांधलेला आहे. चोवीस महिने पुरे व्हायला किती राहिले?

अस्मिता : दहा आठवडे आणि चार दिवस. फ्रिजवर कागद लावलाय, लेक रोज खोडते.

दमयंती : दहा आठवडे. मग रेसिडेन्सीचा अर्ज, मग कुणाच्या बापाची भीती नाही. इंद्रनीलचा व्हिसा तुझ्यावर, लेकीची शाळा तुझ्यावर. तो इचलकरंजीतली चांगली चाललेली वर्कशॉप दुसऱ्याला देऊन इथे सुपरमार्केटच्या फळ्या भरतोय. का? तुझ्यासाठी. आणि तू हे सगळं एका म्हाताऱ्यापायी उधळून लावणार, ज्याला पुढच्या वर्षी तू कोण हे पण आठवणार नाही?

अस्मिता : आता पण आठवत नाही. मला कॅथलीन म्हणतात. बहीण होती त्यांची.

दमयंती : बघ. त्यांना तिथे गेल्याचं कळणार पण नाही, अस्मिता. चार दिवस कुरकुर करतील आणि विसरतील.

अस्मिता : बाकी सगळं विसरतील. दार बंद असल्याचं विसरणार नाहीत. दोन हजार अकराच्या भूकंपात ते आणि बायको घरात होती. आजोबा सुतार, घर त्यांनी स्वतः बांधलेलं, पण चौकट तिरकी झाली आणि दार अडकून बसलं. बायको फळीखाली. याच काठीनं खिडकीची काच फोडली त्यांनी आणि तिला ओढून काढली. तेव्हापासनं बंद दारासमोर त्यांचा जीव गोळा होतो. न्हाणीघराचं दार पण लावू देत नाहीत. चार वाजता पुढच्या दाराशी कशाला जातात? घरी जायला नाही जात. ते दार उघडतंय का ते बघायला जातात. समोरनं कुणी आत आलं, दार सरकलं, की शांत होतात. मागच्या युनिटचं दार त्यांच्यासमोर कधी उघडणारच नाही.

दमयंती : हे त्यांच्या फाइलमध्ये नाही.

अस्मिता : फाइलमध्ये दाढी नसते.

दमयंती : त्यांच्या मुलीला पर्थला फोन केला होता. ती म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

अस्मिता : तिला पण शिलेली नावाच्या हत्यारानं हल्ला केला असंच सांगितलं असेल. ताई, एक विचारतो. त्या काठीला वादी होती ना? मुठीपाशी चामड्याची. मनगटात अडकवायची, म्हणजे हातातनं सुटत नाही. मी लागलो कामाला तेव्हा नव्हती, नुसतं भोक आहे. आजोबा त्या भोकात बोट घालून बसतात.

दमयंती : होती.

अस्मिता : मग गेली कुठं?

दमयंती : मी कापली. ते दाखल झाले त्या दिवशी. लोंबणारी कुठलीही वस्तू चालत नाही, गळ्यात अडकू शकते, दाराच्या मुठीत अडकू शकते. ड्रेसिंगच्या कात्रीने कापली आणि बिनमध्ये टाकली. ते बघत होते. मग सामानाच्या यादीत लिहायचं म्हणून मी विचारलं, याला काय म्हणतात? त्यांनी सांगितलं शिलेली. पाहुण्यांसमोरचा शब्द म्हणालीस ना तू मघाशी? तोच सांगितला मला. मी स्पेलिंग विचारून विचारून लिहिलं. फार हौसेने लिहिलं गं. वेगळा शब्द आहे, छान आहे म्हणून. साधं "काठी, एक" लिहिलं असतं तर आज हे काहीच झालं नसतं.

अस्मिता : त्या यादीवर सही तुमची आहे.

दमयंती : माझी आहे.

अस्मिता : आणि मॅनेजरनं विचारलं, हत्यार बिल्डिंगमध्ये येऊ कुणी दिलं?

दमयंती : सकाळीच विचारलं. दार लावून. म्हणाली, तू चौदा वर्षं इथे आहेस, मला यादीचा विषय वाढवायचा नाहीये, स्टेटमेंट आज आलं की तो विषय संपला. स्वीट ॲज, म्हणजे सगळं झकास, म्हणाली वर. हसून. आणि मी मान हलवली. मी तुला इथे आणलं, मी तुझा रेफरन्स दिला, मीच तुला या खोलीत बोलावून सही कर म्हणते. तुझ्याच भल्याचं सांगते, ते खोटं नाही. पण निम्मं माझ्या भल्याचं आहे. मला माझीच लाज वाटते आहे.

अस्मिता : लाज कशाला. तुमचा तर सिटिझन पासपोर्ट आहे. तुम्हाला कोण काढणार?

दमयंती : तुला वाटतं पासपोर्ट मिळाला की सुटलो. मला पण वाटायचं. दहा आठवडे, मग मोकळी, असं मी पण मोजलं होतं. मोकळी झाले तोपर्यंत मान हलवायची सवय लागली होती. अशी स्टेटमेंटं मी आधी दोनदा केली आहेत अस्मिता. एक बाई होत्या, फार गोड. रात्री-अपरात्री दुसऱ्यांच्या खोल्यांत जाऊन त्यांची पांघरुणं नीट करायच्या. मी लिहिलं, इतरांच्या सुरक्षिततेला धोका. शब्द बरोबरच होते सगळे. सहा आठवड्यांत गेल्या त्या, मागच्या युनिटमध्ये.

अस्मिता : हे तुम्ही मला सही करायच्या आधी सांगायलाय की करू नको म्हणून सांगायलाय?

दमयंती : माहीत नाही. खरंच माहीत नाही. हा कागद तुझ्या हातात देते, पुढे तू ठरव.

अस्मिता : मी सहीच केली नाही तर? काहीच लिहिलं नाही तर?

दमयंती : मग रिलीव्हर मुलीचं स्टेटमेंट धरतील. काठी उगारली आणि हाताला लागली, एवढं बास आहे त्यांना. मधलं कुणी बघितलेलं नाही, तूच म्हणालीस.

अस्मिता : म्हणजे गप्प बसलो तरी ते आत. सही केली तरी ते आत. ते बाहेर राहायला एकच रस्ता आहे आणि त्या रस्त्यानं मी बाहेर.

दमयंती : हो. मधलं तू लिहून दिलंस, की हल्ला उरत नाही. हल्ला नसेल तर असेसमेंटला कारणच नाही. पण उरलेलं सगळं तुझ्यावर येतं. इंद्रनील काय म्हणाला?

अस्मिता : आधी भांडी घासत बसला. मग म्हणाला, तुला काय वाटतंय ते कर, पण मला विचारून केलंस असं नंतर म्हणू नकोस. रागावलाय. त्याचं पण बरोबर आहे. सकाळी लेकीला शाळेत सोडताना तिनं दारातनं जँडल चपला फेकून दिल्या, शूजच पाहिजेत म्हणून, आणि मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "आई, यू आर नॉट बीइंग फेअर." कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानासमोर गाडी थांबवून बसलो मी दहा मिनिटं. मला भीती वाटायलीय ताई. परत जायचं म्हणजे कशाला जायचं? भाड्याची खोली, ती दुसऱ्याची झालेली वर्कशॉप, आणि गल्लीतले लोक विचारणार, काय केलंस गं तिथं. काय सांगू? म्हाताऱ्याबरोबर लाठी खेळलो?

दमयंती : मग कर सही. कुणी तुला वाईट म्हणणार नाही. मी तर नाहीच.

अस्मिता : तुम्ही म्हणणार नाही. आण्णा पण म्हणणार नाहीत, त्यांना मी सांगणारच नाही. पण रोज सकाळी दाढी मीच करणार ना? दहा आठवडे आणि चार दिवस? त्या दाराच्या आत जाऊन? द्या पेन.

(अस्मिता टाइप केलेला कागद टॉवेलांच्या चळतीवर उलटा ठेवून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिते. दोनदा थांबते. बाहेरून जेवणाची गाडी जाते.)

दमयंती : बघू. इंग्रजीत चुका आहेत गं.

अस्मिता : असू देत. वाचा, अर्थ लागतोय का बघा.

दमयंती : लागतोय. "लॉर्कन यांनी माझ्यावर हल्ला केला नाही. दुसऱ्या व्यक्तीने त्यांची काठी ओढल्यामुळे ते घाबरले होते. मी कामावर असताना मॉपचा दांडा उचलला आणि त्यांना माझ्याबरोबर खेळायला बोलावलं. मी लहानपणापासून हे शिकले आहे. बेल वाजली तेव्हा माझं लक्ष तिकडे गेलं आणि मला लागलं. चूक माझी आहे. ही त्यांची चालायची काठी आहे. ती त्यांना परत द्यावी." आणि खाली सही. तारीख घाल.

अस्मिता : घातली.

दमयंती : हे दिलंस की आजच घरी पाठवेल तुला. चौकशी होईपर्यंत यायचं नाही म्हणेल. मग पत्र येईल.

अस्मिता : येऊ दे.

दमयंती : वकिलाचा नंबर देते एक. इमिग्रेशनचं बघतो तो. आशा ठेव असं म्हणत नाही, पण भेट त्याला. आणि साक्षीदार म्हणून मी सही नाही करत. मी बघितलेलं नाही, ऐकलेलं आहे. पण यादीचं विचारलं तर खोटं बोलणार नाही. वादी मी कापली, शब्द मी लिहिला, काठी चालायचीच होती, हे सांगेन.

अस्मिता : विचारलं तर?

दमयंती : एवढंच जमतंय मला आज.

अस्मिता : बास आहे की. कागद तुम्ही देताय की मी देऊ?

दमयंती : दोघी जाऊ. थांब, डोळे पूस आधी. किल्ली घेते बरोबर, काठी मी लगेच काढून देते त्यांना, कुणाला विचारत नाही. पण अस्मिता, तू गेल्यावर चार वाजता काय करायचं? ते दारापाशी उभे राहतील. रोज राहतील. मला नाही येत तुझ्यासारखं काठी धरायला.

अस्मिता : तुम्ही धरायचीच नाही ताई. फक्त ती त्यांच्या हातात राहू द्यायची.